न फडकलेलं लाल निशाण

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी येऊन गेला. दहावीत मी त्याला मराठी शिकवलं होतं. पुढं त्यानं फायरमनचा कोर्स केला आणि आता तो कंत्राटावर अग्निशमनच्या कामाला आहे. कुठल्या केंद्रात, ते लिहीत नाही. त्याची नोकरी माझ्या लेखामुळे जायला नको.

चहा घेता घेता त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. मग त्यानं सांगितलं की, पंधरा दिवसांपूर्वी एका भंगाराच्या गोदामाला आग लागली होती. बाहेरून सगळं प्लास्टिक दिसत होतं. आत गेल्यावर कळलं की मागच्या बाजूला रसायनांचे ड्रम रचलेले आहेत. ड्रम रिकामे आहेत असं मालकाचा माणूस सांगत होता, पण त्यातले काही रिकामे नव्हते. गाडीवर श्वास घेण्याचे बीए सेट दोन होते आणि आत शिरणारे चौघे. उरलेल्या दोघांनी रुमाल ओले करून तोंडाला बांधले. त्या दोघांत हा एक.

मी विचारलं, "आत काय आहे ते तुम्हाला आधी कुणीच सांगितलं नाही?"

तो म्हणाला, "टीचर, अंदर क्या है वोच तो कोई नहीं बताता. धुएँ का रंग देखके समझना पड़ता."

त्याची अम्मी सोबत होती. तिनं सांगितलं की भेटायला येणारे नातेवाईक तिची समजूत काढतात. आगीत कुणाचं काही बरंवाईट झालं तर त्याला शहादतचा दर्जा मिळतो, म्हणतात. मग तिनं त्यांना दिलेलं उत्तरही सांगितलं: "दर्जा बाद में देखेंगे, पहले मास्क तो मिलने दो."

त्या माउलीचं वाक्य डोक्यातून जाईना. मी भाषेची शिक्षिका आहे, इतिहासाची नाही. पण आग विझवणाऱ्यांना आपण मेल्यावर जो मान देतो, तो जिवंतपणी माहिती, मास्क आणि वेळेवर निर्णय या रूपांत का देत नाही, याचा शोध घेताना मला मुंबईच्या गोदीपर्यंत, १४ एप्रिल १९४४ या तारखेपर्यंत जावं लागलं.

एका जहाजाची गोष्ट

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते आणि ते योग्यच आहे. त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो, आणि तिथून २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो. शाळेत छोटे कागदी झेंडे येतात, मुलं ते शर्टाला टोचून घेतात. ही तारीख का, असं एकदा वर्गात विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर शिक्षकांच्या खोलीतही कुणाला सांगता आलं नाही.

दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघालं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. विमानं होती, आणि एका मजबूत पेटीत सोन्याच्या विटाही होत्या. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाचे हजारो गठ्ठे, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक असं बरंच काही भरलं गेलं. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात, एकाच कप्प्यात खाली-वर. शांततेच्या काळात हे कुणी होऊ दिलं नसतं. युद्धात जहाजं कमी आणि माल जास्त, म्हणून ते चाललं.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. आजच्या मस्जिद बंदर स्टेशनापासून ती जागा जवळच. आसपास मांडवी, डोंगरी, दाणाबंदर अशी दाट वस्ती. व्यापाऱ्यांच्या वखारी, हमालांच्या खोल्या, कोकणातून आलेल्या खलाशांचे तळ. माझ्या वाचकांपैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा याच गल्ल्यांत राहून गोदीत किंवा बोटीवर नोकरी करत असतील.

जहाजात धोकादायक माल असेल तर त्यावर लाल निशाण फडकवायची रीत होती. ते निशाण पाहिलं की गोदीतल्या साध्या हमालालाही कळायचं की इथं विडी पेटवायची नाही, आणि शेजारच्या जहाजाला कळायचं की अंतर ठेवायचं. फोर्ट स्टिकिनवर लाल निशाण नव्हतं.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यातून धूर निघताना लोकांना दिसला. कापूस पेटला होता. गोदीवरच्या लोकांनी पाणी मारायला सुरुवात केली आणि अग्निशमन दलाला वर्दी गेली. पण ती एका साध्या आगीची वर्दी म्हणून गेली. त्यामुळे सुरुवातीला दोनच बंब आले. धक्क्यावर पोचल्यानंतर अधिकाऱ्यांना कळलं की या जहाजाच्या पोटात काय आहे. मग आणखी बंब मागवले गेले.

इथून पुढचे दोन तास मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. जवानांनी होज खाली सोडून कप्प्यात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. धूर इतका दाट होता की आग नेमकी कुठं आहे ते दिसत नव्हतं. जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग उष्णतेनं फोड येऊन सुटू लागला. आतलं पाणी उकळू लागलं. जळता कापूस पाण्याबरोबर वर तरंगत आला, म्हणजे आग विझवणारं पाणीच आगीला वरच्या स्फोटकांकडे घेऊन जात होतं.

आणि धक्क्यावर काय चाललं होतं? चर्चा. दारूगोळ्याचा जाणकार अधिकारी म्हणत होता, जहाज बुडवा. गोदीच्या बाजूनं मत पडलं, जहाज बाहेर समुद्रात न्या. आहे तिथं ते पुरतं बुडेल इतकं पाणीही गोदीत नव्हतं. कप्तानाला दोन बाजूंनी दोन सल्ले मिळत होते. हे करा, असा एकच हुकूम देणारा अधिकार त्या धक्क्यावर कुणा एकाकडे नव्हता. वरच्यांचा निर्णय होईपर्यंत खालचे काय करणार? ते पाणी मारत राहिले.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला, पहिल्याहून मोठा. डझनभर जहाजं बुडाली किंवा निकामी झाली, वखारी पेटल्या, धान्य जळालं, जळता कापूस आकाशातून वस्त्यांवर पडला. मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारे उपसायला कित्येक महिने.

मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दुपारी गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आहे तो त्यांच्यासाठी.

युद्धकाळ असल्यानं बातम्यांवर सेन्सॉर होता. मुंबईच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. नंतर चौकशी झाली. आग बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटनं लागली असावी, असं मानलं गेलं. सिगारेट हे कारण सोपं आहे, कारण ती कुणा गरिबाच्या हातात सापडते. पण कापूस आणि स्फोटकं एकत्र भरणं, धोक्याची खूण न लावणं, आणि वेळेवर एकाही अधिकाऱ्यानं ठाम निर्णय न घेणं, ही कारणं कुणा हमालाच्या हातातली नव्हती.

या घटनेतलं लोकांच्या लक्षात काय राहिलं? सोनं. स्फोटानं उडालेली सोन्याची वीट दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्यांनी ती इमानदारीनं परत केली, ही गोष्ट आजही रंगवून सांगतात. पुढं कित्येक वर्षं गोदीचा गाळ काढताना विटा सापडत राहिल्या, हेही सांगतात. त्या ६६ जणांची नावं मात्र भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयाबाहेर फारशी कुणी वाचत नाही.

दोन शब्द

आता थोडं माझ्या विषयाकडे येते. अशा मृत्यूंसाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. मराठीत 'हुतात्मा', उर्दूत 'शहीद'. आता मराठीतही शहीद सर्रास चालतो.

हुतात्मा या शब्दातच आग आहे. हुत म्हणजे अग्नीत आहुती म्हणून दिलेलं. ज्यानं स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. अग्निशमन जवानाइतका हा शब्द अक्षरशः दुसऱ्या कुणाला लागू पडत नसेल.

शहीद शब्दाची धातू वेगळी आहे. अरबीत श-ह-द म्हणजे पाहणं, हजर असणं, साक्ष देणं. त्यातूनच शाहिद म्हणजे साक्षीदार. त्यातूनच शहादत, जिचा उर्दूत आजही एक अर्थ 'साक्ष' असाच आहे. कोर्टाच्या जुन्या कागदांत तो सहज भेटतो. नातेवाइकांनी त्या अम्मीला सांगितलं ते खोटं नव्हतं. आगीत जळून किंवा कोसळलेल्या इमारतीखाली सापडून गेलेल्यांना हदीसमध्ये शहीदांत गणलं आहे. पण त्याच परंपरेत, झोपण्यापूर्वी घरातली आग विझवून झोपा, अशी साधी, घरगुती सूचनाही आहे. पहिली गोष्ट आपण सांत्वनासाठी पाठ केली, दुसरी विसरलो.

आपण 'शहीद' म्हणतो तेव्हा त्याचा पहिला अर्थ, साक्षीदार, हरवून बसतो. गेलेला माणूस कशाची तरी साक्ष देऊन गेलेला असतो. ते ६६ जण सांगून गेले की, आत काय आहे हे आम्हाला उशिरा कळलं आणि काय करायचं हे वेळेत कुणी ठरवलं नाही. हार घालून, बिगुल वाजवून, दोन मिनिटं उभं राहून आपण ती साक्ष न लिहिताच फाइल बंद करतो.

साक्ष लिहिली गेली तेव्हा

काही वेळा मात्र ती लिहिली गेली, हेही सांगायला हवं. ज्या दिवशी गोदी उडाली त्या दिवशी, आपल्या वाढदिवशी, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कामगाराचा जीव आणि त्याचे तास हा सरकारचा विषय आहे, हे त्या वर्षांत कायद्यात येत होतं. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्यातली दुरुस्ती १९४६ ची, विधेयक त्यांनीच मांडलेलं. १९४८ साली नवा कारखाना कायदा आला.

मग १९८४ साली भोपाळ झालं. त्या रात्री दवाखान्यात येणाऱ्यांना कोणत्या वायूनं बाधा झाली आहे हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. फोर्ट स्टिकिनचीच गोष्ट, चाळीस वर्षांनंतर. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांचं एक नवं प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम ४१-ब नं कारखान्याच्या मालकावर बंधन घातलं की, आपल्या मालापासून आणि प्रक्रियेपासून काय धोका आहे, तो टाळायला काय केलं आहे, हे त्यानं कामगारांना, कारखाना निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांनाही कळवायचं. आसपासच्या लोकांना! म्हणजे तुम्हाला आणि मला. हे वाचल्यावर मी क्षणभर थांबले होते. कारण इतकी वर्षं इथं राहून माझ्या घरी असा कागद कधी आलेला नाही.

पुणे-नगर रस्त्यावर तुम्ही प्रवास केला असेल तर टँकरच्या मागं आणि बाजूला एक चौकोनी पाटी पाहिली असेल. त्यावर रसायनाचं नाव, एक चार आकडी नंबर, आपत्कालीन फोन आणि धोक्याचं चित्र असतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ही पाटी सक्तीची केली. तो चार आकडी नंबर संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला असतो आणि तो जगभर एकच. १२०३ म्हणजे पेट्रोल. १०७५ म्हणजे एलपीजी. १०१७ म्हणजे क्लोरीन. टँकर उलटला आणि ड्रायव्हर बेशुद्ध असला, तरी त्या चार आकड्यांवरून जवानाला कळतं की पाणी मारायचं की फोम, जवळ जायचं की गाव रिकामं करायचं. गोदीत जे लाल निशाण फडकलं नाही, ते आज टँकरच्या पाठीवर लावलेलं असतं.

चालत्या टँकरला पाटी आहे. उभ्या गोदामाला बहुतेक ठिकाणी ती दिसत नाही. माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट तिथंच सुरू होते.

काळबादेवी

मुंबईतलीच दुसरी तारीख ९ मे २०१५. काळबादेवीतल्या 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीला आग लागली. गल्ली अरुंद, बांधकाम लाकडी, आसपास दुकानं आणि गोदामं. अग्निशमन दलानं रहिवाशांना बाहेर काढलं. त्यानंतर इमारतीचा भाग कोसळला. दलाचे चार वरिष्ठ अधिकारी, संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, या एका आगीत गेले. पहिले दोघे त्याच दिवशी, दुसरे दोघे भाजल्यामुळे पुढच्या पंधरा दिवसांत रुग्णालयात.

हे चौघे नवखे नव्हते. शहरातले सर्वांत अनुभवी अग्निशमन अधिकारी होते. म्हणून ही आग मला महत्त्वाची वाटते. धाडस, अनुभव, प्रशिक्षण यांपैकी काहीच कमी नव्हतं. तरीही जळणारी जुनी इमारत किती वेळ उभी राहील, कुठली तुळई आधी तुटेल, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. ते आधीच कुठंतरी कागदावर असावं लागतं: इमारतीचं वय काय, बांधकाम कसलं आहे, कुठल्या मजल्यावर किती वजनाचा कसला माल भरला आहे. तो कागद नसेल तर सर्वांत शूर माणूसही अंदाजानंच पाऊल टाकतो.

दिसत नाही ती आग

आतापर्यंत मी कोसळण्याबद्दल आणि स्फोटाबद्दल लिहिलं. पण अग्निशमनच्या कामातला एक धोका असा आहे की त्याला तारीख नसते. म्हणून त्याचा दिन पाळता येत नाही.

पूर्वी घरात लाकूड, कापूस, गवत जळायचं. आज जळतं ते प्लास्टिक, फोम, रेक्झिन, वायरींचं आवरण. फ्रिजच्या भिंतीत किंवा सोफ्यात जो पॉलियुरेथेन फोम असतो, तो जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. यांतला पहिला वायू वासावरून कळतच नाही, दुसऱ्याचा वास सगळ्यांना येत नाही. ओला रुमाल धुरातली थोडी काजळी अडवतो, वायू अडवत नाही. आपल्या घराघरांत ओल्या रुमालावर जो भरवसा आहे तो जिना उतरेपर्यंत धूर थोडा कमी जाचावा इतपतच ठेवावा. आत शिरून वीस मिनिटं काम करणाऱ्याला तो रुमाल वाचवत नाही.

बीए सेट म्हणजे पाठीवर दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर आणि तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा. सिलिंडर किती वेळ पुरेल हे कामाच्या धापेवर अवलंबून असतं. हवा कमी झाली की शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजली की बाहेर यायचं असतं. बाहेर एक माणूस फळ्यावर नोंद ठेवतो: कोण आत गेला, किती हवा घेऊन गेला, किती वाजता परत यायला हवा. हा नोंद ठेवणारा माणूस आगीशी लढताना दिसत नाही, म्हणून मनुष्यबळ कमी पडलं की पहिल्यांदा त्यालाच होज धरायला पाठवतात. मग आत कोण राहिलं हे सांगणारं कुणी उरत नाही.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अग्निशमन जवानाचं काम हेच कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं आणि त्याला पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, तोच हा गट. याआधी हे काम 'कदाचित' म्हणणाऱ्या गटात होतं. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग यांबाबत पुरावा पुरेसा असल्याचं संस्थेनं म्हटलं. विष फक्त श्वासातून जात नाही, कातडीतूनही जातं, आणि काजळीनं माखलेल्या गणवेशातून घरीही येतं. म्हणून आगीवरून परतल्यावर गणवेश तिथंच धुणं, अंघोळ करणं, तो गणवेश झोपायच्या खोलीत न ठेवणं हा आता सुरक्षेचा भाग मानला जातो. माझ्या विद्यार्थ्याच्या अम्मीनं सांगितलं की तो काळा झालेला शर्ट ती घरी बादलीत, बाकीच्या कपड्यांबरोबर धुते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मळलेला गणवेश म्हणजे मर्दुमकी, असं तिच्या मुलालाही वाटत होतं.

कंत्राटी जवानाचा प्रश्न इथं आणखी अवघड होतो. स्फोटात गेला तर त्याची बातमी होते, नुकसानभरपाईची मागणी होते. पण वीस वर्षांनी आजार झाला, मधल्या काळात चार कंत्राटदार बदलले, कुठल्या आगीत किती धूर गिळला याची नोंदच नसली, तर तो कुणाच्या दारात जाणार? त्याच्या आजाराला साक्षीदार कोण? पुन्हा तोच शब्द: शाहिद.

आपल्या दारात

आमच्या गावाच्या नावातच पाण्याचं भांडं आहे. रांजणगाव. अष्टविनायकांतल्या महागणपतीमुळे लोक याला रांजणगाव गणपती म्हणतात. यात्रेकरूंच्या गाड्या आणि कंपन्यांच्या बस एकाच रस्त्यानं धावतात. कारेगाव, ढोकसांगवीच्या बाजूला पसरलेल्या औद्योगिक वसाहतीत मोटारी, फ्रिज, यंत्रांचे भाग आणि बरंच काही बनतं. आसपासच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांची मुलं माझ्या वर्गात असतात. हा तालुका पूर्वी बाजरी-ज्वारीचा आणि घोड नदीच्या पाण्याचा. कारखान्यांनी इथं रोजगार आणला, त्याबद्दल तक्रार नाही.

मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी असतो, मॉक ड्रिल होते, भिंतीवर नकाशा असतो. मला काळजी वाटते ती मोठ्यांच्या सावलीत उभ्या राहणाऱ्या लहानांची: शेतात टाकलेली पत्र्याची शेड, भाड्यानं दिलेलं गोदाम, भंगाराचं आवार. शेडचा मालक एक, भाडेकरू दुसरा, माल तिसऱ्याचा. मार्चमध्ये तिथं पुठ्ठा असतो, जूनमध्ये थिनरचे डबे. आग लागली तर गेटवरच्या रखवालदाराला त्यातलं काहीही सांगता येत नाही.

याच पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथं, ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कंपनीला आग लागून १७ कामगार गेले. त्यांतल्या बहुतेक महिला होत्या. अशा ठिकाणी जेव्हा बंब पोचतो, तेव्हा जवानांना एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: आत माणसं किती आणि कुठं आहेत, आणि आत माल कसला आहे. ही उत्तरं आधी तयार नसतील, तर आतले कामगार आणि बाहेरून आत जाणारे जवान एकाच अंधारात असतात. म्हणून जवानाची सुरक्षा आणि कामगाराची सुरक्षा हे वेगळे विषय नाहीत.

राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचं असतं. हा कागद महत्त्वाचा आहे. पण तो सांगतो की पंप चालतो, सिलिंडर भरलेला आहे. आज दुपारी शेडमध्ये कसले ड्रम उतरले, ते त्यात नसतं.

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. गेटवर एक पेटी, पेटीत एक कागद: शेडचा नकाशा, कुठं काय ठेवलं आहे, किती, त्याचा चार आकडी नंबर काय, वीज कुठून बंद होते, आत्ता आत किती माणसं आहेत. माल बदलला की कागद बदलायचा. जवळच्या अग्निशमन केंद्रात त्याची एक प्रत, आणि तिथल्या जवानांनी आग नसताना एकदा येऊन शेड पाहून जाणं. एवढं झालं तर धुराचा रंग बघून अंदाज करायची वेळ येणार नाही.

अर्ज

दरवर्षी मी नववीला अर्जलेखन शिकवते. पाठ्यपुस्तकी विषय असतात: मैदान साफ करण्याबाबत, बस थांबा मिळण्याबाबत. यंदा मी फळ्यावर विषय लिहिला: 'आमच्या शाळेजवळील गोदामात साठवलेल्या मालाची माहिती मिळण्याबाबत.'

मुलं आधी हसली. मग लिहायला लागली. कुणी 'मा. महोदय' नंतर थेट मुद्द्यावर आलं, कुणी आपला भाऊ रात्रपाळीला जातो ते लिहिलं. लाल निशाणाची आणि १२०३, १०७५ या नंबरांची गोष्ट मी त्यांना आदल्या दिवशी सांगितली होती. दोन मुलं संध्याकाळी हायवेच्या कडेला उभी राहून टँकरचे नंबर वहीत उतरवून आली होती. त्यांना मी रागावलेही, कारण हायवे हा उभं राहायची जागा नव्हे.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा खोकला आता कमी आहे. त्याच्या छातीचा एक्स-रे आम्ही काढून घेतला आणि तारीख घालून जपून ठेवायला सांगितला. कुठल्या दिवशी, कुठल्या आगीवर, किती वेळ, बीए सेट होता की नव्हता, हे तो आता एका वहीत लिहितो. वही मीच दिली. पहिल्या पानावर त्यानं उर्दूत 'शहादत' असा मथळा घातला होता. मी विचारलं, कुठल्या अर्थानं? म्हणाला, "गवाहीवाल्या."

वर्गात तास संपताना एका मुलीनं हात वर केला. "टीचर, हे मार्कांसाठी आहे की खरंच पाठवायचंय?"

मी म्हटलं, सुवाच्य अक्षरात दुसरी प्रत काढ. खाली सगळ्यांच्या सह्या घे.